सगळे हजर

सूदा, अबहाजवळ
शुक्रवार, ३ डिसेंबर २००४

नागेश,

हे पत्र ताजुद्दीनच्या हाती देतो आहे. तो भाजीचा ट्रक घेऊन जेद्दाला जातो आणि शराफियात हुसेनमियाँच्या खानावळीत जेवतो. हुसेनमियाँ रत्नागिरीकडच्या सगळ्यांना ओळखतात. तू त्यांच्याकडे नसलास तरी कुठे आहेस ते त्यांना माहीत असेल, असं ताजुद्दीन म्हणाला. तुझा मोबाइल लागत नाही.

तुझं पांघरूण इथेच आहे. स्वेटरही. केरूने घातला होता, मी काढायला लावला. सकाळी धुकं कड्याखालून वर येतं आणि दुपारपर्यंत झाडांत अडकून राहतं. करवतीला हात लावला की हात ओला होतो.

वरच्या अंगाला कुंपण घालायचं काम चालू आहे. आत शेळ्या आणि उंट येऊ नयेत म्हणून. म्हातारी झाडं वाळतात आणि खाली नवीन रोप दिसत नाही, कारण उगवलं की शेळी खाते. आपले झाडांचे डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्यांचं गाव झालं आहे. आपण या झाडाला सुरू म्हणतो ते त्यांना आता आवडायला लागलं आहे. परवा मजुरांना ओरडून सांगत होते, "सुरू को हात मत लगाओ."

तू गेल्याचं मी कंपनीला सांगितलेलं नाही. शनिवारी कारकून पेट्रोलची पिंपं घेऊन आला आणि फाटकातूनच ओरडला, "कुल्लू मौजूद?" मी म्हटलं, कुल्लू मौजूद. सगळे हजर. तो माणसं मोजत नाही. मी मुकादम, मी सांगितलं की त्याला पुरतं.

तू नाहीस असं सांगितलं तर ते जवाजातच्या, पासपोर्टवाल्यांच्या, कचेरीत तुझं नाव पळालेल्यांत घालतील. मग इकामा बाद, राहायचा परवानाच गेला. मग कोणी कामही देणार नाही आणि परत इथे घेणारही नाहीत. तसं होऊ नये म्हणून हजर म्हणतो आहे. तू येईपर्यंत म्हणत राहीन.

त्या दिवशीचं काही लिहीत नाही. झालं ते झालं.

तुझ्या ममताला सहावा महिना लागला. आईने फोनवर विचारलं, नागेश कुठे आहे. मी म्हटलं, त्याला दुसऱ्या डोंगरावर लावलंय, तिथे फोन नाही. ती म्हणाली, "एकाच कंपनीत ना रे दोघं?" म्हटलं, हो.

परत ये.

बाळाराम


सूदा
शुक्रवार, १७ डिसेंबर

नागेश,

ताजुद्दीनने पत्र हुसेनमियाँना दिलं. ते म्हणाले, "ठेव, देतो." म्हणजे तू तिथेच आहेस. बरं झालं.

काल डॉक्टर इद्रिस सगळ्यांना घळीत घेऊन गेले. तू नव्हतास म्हणून लिहितो.

तुम्ही साफ केलेली झाडं तशीच उभी आहेत. खालून अर्ध्यापर्यंत नुसते खुंट. फांद्या खाली पडून आहेत, अजून हिरव्या. डॉक्टरांनी एका फांदीवरून लोंबणारी ती शेवाळासारखी राखाडी दाढी उपटली आणि सगळ्यांच्या हातात थोडी थोडी दिली, प्रसाद द्यावा तशी.

"हे बांडगूल नाही," ते म्हणाले. शिकायला एवढी वर्षं पुण्यात काढली तरी त्यांना आपल्यासारखा ळ म्हणता येत नाही. "बांडगूल झाडाच्या आत तोंड घालतं, झाडाचं पितं. हे नुसतं राहतं. जेवायला बाहेर जातं. धुकं खातं. मी पुण्यात असाच राहायचो. खोली सदाशिव पेठेत, जेवण मेसमध्ये. घरमालकीण सांगायची, या इद्रिसचा काही त्रास नाही."

सगळे हसले. केरूने हातातली दाढी हुंगली. "अहो डॉक्टर, हे तर दगडफूल. आमच्याकडं मसाल्यात टाकतात."

"त्याचंच भावंड," डॉक्टर म्हणाले.

मग केरूने विचारलं की हे खात नाही तर झाडं वाळतात कशाने. डॉक्टरांनी वरचा रस्ता दाखवला. रस्ता झाल्यापासून पावसाचं पाणी दुसरीकडे जातं. जुन्या पायऱ्यांच्या शेतांचे बांध पडले, त्यामुळे पाणी थांबत नाही. पाऊसही पूर्वीसारखा नाही. शेंडा वाळला की आत उजेड येतो आणि उजेड आला की ही दाढी वाढते. "एकच कारण असतं तर मी एवढी वर्षं इथे कशाला राहिलो असतो?" ते म्हणाले. "ही आजाराची खूण आहे, आजार नाही."

"म्हणजे आजाऱ्याजवळ बसलेल्याला आपण हाकललं," केरू म्हणाला. "आणि हाकलताना आजाऱ्याचे हात तोडले."

डॉक्टरांनी पडलेल्या फांद्या उचलून कुंपणाच्या आत न्यायला सांगितल्या. जिथे बोटभर रोप दिसेल तिथे त्याच्यावर फांदी आडवी टाकायची. ऊन लागत नाही आणि शेळी आत शिरलीच तर तिचं तोंड पोचत नाही. काट्याकुट्याचं काम आहे पण आपल्या माणसांना जमतं.

परत येताना केरू माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "बाळाराम, तुला पण बांडगूळच वाटलं होतं की."

मी पाय उचलले.

"आंब्याला करतो तसं करा म्हणालास. डॉक्टर रियाधवरनं यायच्या आत घळ साफ झाली पाहिजे, बघून खूश होईल म्हणालास. आणि कारकुनानं, हे कुणी तोडलं, विचारल्यावर मुस्काटात कुणाच्या मारलीस? जो सगळ्यात वर चढला होता त्याच्या."

मी त्याला म्हटलं, चल, जेवणाला उशीर होतोय.

थंडी वाढली आहे. तुला स्वेटर पाठवू का ते कळव.

बाळाराम


सूदा
शुक्रवार, ७ जानेवारी २००५

नागेश,

उत्तर नाही. ठीक आहे.

तुझ्या वाटचं काम आम्ही वाटून घेतलं आहे. वरचं काम मी करतो. बरेच दिवस झाले दोर बांधून चढलो नव्हतो. पहिल्या दिवशी पोटऱ्या थरथरल्या. आता थरथरत नाहीत.

मेलेली झाडं काढायला सुरुवात झाली. सगळी नाही. डॉक्टर पुढे जातात आणि रंग लावतात. पिवळा पट्टा म्हणजे तोडायचं. पांढरा पट्टा म्हणजे मेलेलं असलं तरी उभं ठेवायचं. पांढरे पट्टे फार आहेत असं कंपनीला वाटतं. कारकुनाने विचारलं, मेलेल्या झाडाचं काय करायचं आहे? पर्यटकांना बघायला बरं दिसत नाही. डॉक्टरांनी त्याला एका झाडाची ढोली दाखवली. आत सुतार पक्ष्याचं घर होतं. कारकून बराच वेळ आत बघत राहिला आणि मग म्हणाला, "यात कोणी नाही." डॉक्टर म्हणाले, "दुपारी कोण घरी असतं?"

इथे एक काळा-पांढरा पक्षी आहे, लांब शेपटीचा. कावळ्याच्या जातीतला. तू त्याला भटजी म्हणायचास. डॉक्टर म्हणतात, तो या डोंगरांशिवाय जगात कुठे नाही आणि इथेही थोडेच उरले आहेत. तो घरटं याच झाडांत बांधतो. त्याची वेळ आली की खालच्या अंगाला करवत चालवायची नाही असं ठरलं आहे. कारकुनाला ते आवडलेलं नाही.

माकडं पूर्वीसारखीच आहेत. पर्यटक रस्त्यावर त्यांना केळी देतात, मग ती डोंगरात खाणं शोधत नाहीत, आमच्या स्वयंपाकघरात येतात. केरूने त्यांच्यातल्या मोठ्या नराचं नाव मालकावरून कफील ठेवलं आहे. तो आला की सगळे उठून उभे राहतात.

डॉक्टरांना तुझं माहीत आहे. एकदा चहा पिताना म्हणाले, "बालाराम, तुझा भाऊ वर चढलेला बरेच दिवस दिसला नाही." मी म्हटलं, ताप आहे. ते म्हणाले, "हां. ताप लांबला." पुन्हा विचारलं नाही.

आईने गेल्या शुक्रवारी ऐकलं नाही. म्हणाली, त्याचा आवाज दे. ममता बाजूला उभी आहे म्हणाली. मी केरूला फोन दिला. केरूने आवाज खाली नेला आणि म्हणाला, "आई, मी बरा हाय. काळजी करू नको. ममताला सांग वजन उचलू नको."

आई हो हो म्हणाली. मग विचारलं, "केरू, तू जेवलास का रे?"

केरूने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसला. मी कानाला लावला तेव्हा आई म्हणत होती, दोघांनी जपून राहा. मी म्हटलं, हो.



बाळाराम


सूदा
शुक्रवार, २१ जानेवारी

नागेश,

काल ईद झाली. कंपनीने बकरा पाठवला. आपल्यातल्या दोघांचा उपास होता, त्यांनी भात खाल्ला.

ताजुद्दीनने निरोप आणला की हुसेनमियाँ म्हणतात, बाळारामला एकदा येऊन जायला सांग. तू म्हणतोस की तेच म्हणतात, ते ताजुद्दीनला सांगता येईना.

जेद्दाला जायचा कागद कारकुनाकडून घेतला. दाढ काढायची आहे असं सांगितलं. हजची गर्दी उतरली की पुढच्या आठवड्यात ताजुद्दीनच्या ट्रकमधून येतो. तुझा स्वेटर आणतो. परत येताना ट्रकमध्ये तिघांना जागा आहे, ते विचारून ठेवलं आहे.

बाळाराम


सूदा
शुक्रवार, ४ फेब्रुवारी

नागेश,

शराफियात आपण काय बोललो ते लिहून काढतो. तेव्हा मला सगळं नीट कळलं असं वाटत नाही. चुकलं असेल तिथे खूण कर आणि ताजुद्दीनकडे परत दे.

मी आत आलो तेव्हा तू कांदा चिरत होतास. दाढी वाढवली आहेस. वर बघितलंस आणि पुन्हा कांदा चिरायला लागलास. हुसेनमियाँ गल्ल्यावरून म्हणाले, "अरे बाळाराम, उभा काय? बस. आधी जेव, मग भांडा. उपाशीपोटी भांडण लवकर संपतं, मजा येत नाही."

ताट तू आणलंस. बांगड्याचं सार होतं, घरच्यासारखं. तू समोर बसलास.

मी विचारलं, "पत्रं मिळाली?"

"मिळाली."

"वाचलीस?"

"वाचली. झाडांचंच तर लिहितोस."

मी विचारलं, मग येत का नाहीस. तू म्हणालास, "मी तर्हीलला जाऊन आलो."

मला वाटलं तुला पकडलं होतं. तू म्हणालास, पकडलं नाही, मीच गेलो. कंदऱ्याच्या पुलाखाली माणसं येऊन बसतात. पोलिसांची बस येते आणि भरून नेते. तर्हीलमध्ये ठेवतात आणि मग विमानात घालून घरी धाडतात. तू पेपर अंथरून बसलास. शेजारी एक केरळचा माणूस होता, त्याने तुला खजूर दिले. बस आली.

आत साहेबाने तुझ्या इकाम्याचा नंबर मशीनमध्ये घातला. म्हणाला, तू पळालेला नाहीस. त्याने कंपनीत फोन केला. तिकडून सांगितलं, आमची सगळी माणसं कामावर आहेत.

"मी त्याच्यासमोर उभा होतो, दादा," तू म्हणालास. "तो म्हणाला, यल्ला, कामावर जा. मी म्हटलं, मी कामावर नाय, मी हितं हाय. त्यानं बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात परत गेलो. परत तेच."

मी जेवत होतो.

"तू मला रोज हजर लावतोस," तू म्हणालास. "मी हजर नाय."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच करतो आहे. परत ये, मुदत संपली की दोघं बरोबर जाऊ.

"मुदत संपेपर्यंत पोर चालायला लागंल."

"मग काय झालं? माझ्या वेळी मीही नव्हतो."

"म्हणून तर," तू म्हणालास. आणि मग म्हणालास, "आणि तुझ्याबरोबर नाय."

हे वाक्य मी बरोबर लिहिलं आहे ना ते बघ. हुसेनमियाँ तेव्हा कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते.

नंतर तू म्हणालास, "माझी नोंद कर. पळाला म्हणून सांग. मग ते मला धाडतील." मी म्हटलं, एकदा नाव गेलं की या देशात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. तू म्हणालास, "ठेवायचाय कुणाला?"

हुसेनमियाँ सार घेऊन आले. "घे रे बाळाराम आणखी. डोंगरात तुम्हांला मासा कुठला?" मी घेतलं. त्यांनी तुझ्याकडे आणि माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझा धाकटा भाऊ मला बहरीनवरून वर्षातनं एकदा फोन करतो. तो फोन करतो म्हणून मी जिवंत आहे असं त्याला कळतं. तुमचं बरं आहे. एका टेबलाशी आहात."

तू भांडी उचललीस. स्वेटर दिला तर म्हणालास, जेद्दाला थंडी नसते. मी तो गल्ल्याजवळ ठेवला आहे.

मी दाराशी आलो तेव्हा तू विचारलंस, घळीतली झाडं कशी आहेत. मी म्हटलं, सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात या झाडाचं लवकर कळत नाही, ते उभ्या उभ्या बरीच वर्षं घेतं. तू म्हणालास, "मेली तर मला सांगू नको."

मला वाटतं एवढंच बोललो.

ट्रकमध्ये तिसरी जागा होती, तिथे ताजुद्दीनने टोमॅटोचे खोके ठेवले.

शनिवारी कारकून आला. फाटकातून ओरडला. मी म्हटलं, कुल्लू मौजूद. तोंडातून तेच आलं.

बाळाराम


सूदा
शुक्रवार, १८ फेब्रुवारी

नागेश,

पुलाखाली जा. आता जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी गेलास तरी चालेल.

गेल्या शनिवारी कारकून आला. ओरडला, "कुल्लू मौजूद?" मी म्हटलं, "ला." नाहीत. त्याला ऐकू गेलं नसावं. तो पिंपं उतरवायला लागला. मी गाडीजवळ गेलो आणि सांगितलं, नागेश नाही.

"आजारी?"

"नाही. गेला."

"कधी?"

मी म्हटलं, ईदच्या आधी.

"कुठली ईद?"

मी म्हटलं, दोन्ही ईदच्या मधे.

त्याने पिंप खाली ठेवलं. त्याला जेद्दाहून आलेले फोन आठवले. मला दिसलं ते. आपली माणसं फाटकापाशी येऊन उभी राहिली होती. केरू म्हणाला, "हजर नाय तर नाय म्हणावं माणसानं," आणि माझ्याकडे न बघता पिंपं आत न्यायला लागला. बाकीच्यांनीही एकेक उचललं.

रविवारी अबहाच्या ऑफिसात गेलो. डॉक्टर बरोबर आले. त्यांचं काही काम नव्हतं तिथे. कारकून अरबीत लिहीत होता आणि मला विचारत होता. नाव, गाव, इकामा. बरोबर काही नेलं का. मी म्हटलं, काही नाही. कंपनीचा दोर नेला का. नाही. करवत? नाही.

मग त्याने विचारलं, का पळाला.

मी डॉक्टरांना सांगितलं, म्हणा, मी मारलं म्हणून.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं. कारकुनाने पेन थांबवलं. "याने? हा त्याचा भाऊ ना?"

डॉक्टर म्हणाले, मोठा.

कारकून हसला. म्हणाला, मोठा भाऊ मारतोच. माझा मला आजही मारतो. हे काय कारण झालं? डॉक्टर त्याच्याशी थोडं बोलले, ते मला कळलं नाही. कारकुनाने मान हलवली आणि एक ओळ लिहिली. मी विचारलं, काय लिहिलं. डॉक्टर म्हणाले, "कारण नाही."

मी म्हटलं, असं लिहू नका म्हणावं. डॉक्टर म्हणाले, "बालाराम, तुझ्या कारणाने लिहिलं तर ते त्याला पळालेला धरणार नाहीत. भांडण धरतील. परत आणतील."

मग मी सही केली.

दोन दिवसांनी कारकून म्हणाला की मशीनमध्ये गेलं. आता नंबर घातला की पळालेला असं येईल. इकामा जवळ ठेव, फेकू नकोस. सकाळी जा, सकाळची बस असते असं तूच म्हणाला होतास. आत थंडी असेल तर हुसेनमियाँकडून स्वेटर घे.

मला कंपनीने काही केलं नाही.

बाळाराम


सूदा
शुक्रवार, ८ एप्रिल २००५

आईस नमस्कार. नागेश आणि ममता यांस आशीर्वाद. नव्या बाळीला माझा पापा.

आई, नागेश पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस, पण लाइन खराब होती म्हणून लिहितो. तो बाळीच्या पाचवीला पोचला नाही, बारशाला तर आहे. काही हरकत नाही. तो बारीक झाला आहे म्हणालीस. इथे सगळेच बारीक होतात. चढ-उताराचं काम आहे. त्याला मऊ भात आणि कुळथाचं पिठलं घाल. लगेच कामाला जाऊ देऊ नकोस.

माझं बरं चाललं आहे. इथे पाऊस झाला. दोन दिवस धरला होता. कड्यावरून पाणी खाली गेलं, पण कुंपणाच्या आत आम्ही दगडाचे जुने बांध नीट केले आहेत, तिथे थांबलं. फांद्यांखालच्या रोपांना नवी पालवी आली आहे, मऊ, हात लावला तर टोचत नाही. मोठी झाली की टोचतात. डॉक्टर रोज ओणवे होऊन बघतात आणि कोणाचा पाय पडला तर ओरडतात. परवा स्वतःचाच पडला तर स्वतःवर ओरडले.

तुला सांगितलं होतं त्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याने खालच्या अंगाला घरटं घातलं आहे. त्यामुळे तिकडचं काम बंद आहे आणि आम्ही वरती आहोत. नर आणि मादी दोघंही पिलांना भरवतात. केरू म्हणतो, एवढं काम आपल्याकडे कोणी बाप्या करत नाही. केरूने तुला नमस्कार सांगितला आहे. त्याने फोनवर केलेल्या गमतीबद्दल तो माफी मागतो.

बाळीचं नाव काय ठेवता ते कळवा.

तब्येतीला जप.

नागेश, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस.

कंपनीने काही केलं नाही असं लिहिलं होतं ते खरं नाही. माझा पासपोर्ट अबहाहून रियाधला पाठवला. या मे महिन्यातली रजा गेली. तुझी उरलेली मुदत माझ्या मुदतीत मिळवली. कागद अरबीत होता. डॉक्टर म्हणाले, सही करू नकोस, मी बोलतो. ते बोलले. कंपनीने त्यांनाही सांगितलं की तुम्ही तुमचे पांढरे पट्टे मारा. मी सही केली. मुकादमी केरूकडे दिली आहे. तो मला वर चढू देत नाही, खालून फांद्या ओढायला लावतो. शनिवारी तो माणसं मोजतो. नंतर फाटकात जाऊन सांगतो.

तू हे कोणाला सांगावंस म्हणून लिहिलेलं नाही. ममतालाही नको. मी पैसे पूर्वीसारखे पाठवतो आहे, त्यात फरक दिसणार नाही.

आता आई विचारेल, बाळा कधी येतो ते लिहिलंय का. पत्र खाली ठेवू नकोस. पान उलट आणि वाचतो आहेस असं करून एखादा महिना सांग. जवळचा सांगू नकोस.

बाळाराम